ओट्यावरच्या पाच वस्तू

माझ्या आजाराबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं इतरांनी सांगितलेलं आहे. त्यामुळे या लिखाणात काही चुकलं तर निम्मा दोष माझा, निम्मा आमच्या घरच्यांचा. गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका बाईंच्या भावाला हेच दुखणं झालं. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तो पूर्वीसारखा होईल ना हो?" मी "होईल" म्हणाले आणि घरात येऊन स्वतःवरच चिडले. मला काय ठाऊक? मी स्वतः पूर्वीसारखी झाले की नाही हेच मला कळत नाही, कारण पूर्वीची मी कशी होते ते नीटसं आठवत नाही. म्हणून जे खरं झालं तेवढं लिहिते.

माझं नाव सुमन, वय अठ्ठावन्न. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. आमचे हे वाशीच्या धान्यबाजारात माथाडी होते, आता घरी असतात. सीवूड्समधल्या या तिसऱ्या मजल्यावर आम्हाला वीस वर्षं झाली. मुलगी स्वाती तळोज्याला राहते, नोकरी करते.

महिना कोणता?

चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी मी चहात मीठ घातलं आणि ह्यांच्या चपला पुसून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी, ओळीनं लावून ठेवल्या. ह्यांना वाटलं मी रागावलेय. आमच्या घरात बायकोचं वागणं कळेनासं झालं की आधी ती चिडली आहे असंच धरतात. त्यांनी गुपचूप चपला काढल्या, मिठाचा चहा प्यायले आणि दुपारपर्यंत माझी मनधरणी करत बसले. शेवटी स्वातीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा ती ओरडली, "पप्पा, रिक्षा बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कोणता महिना चालू आहे? मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही? मग डॉक्टर कसे झालात?" सगळे हसले. मला फार बरं वाटलं, आपण कसं छान परतवून लावलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. मला महिना माहीत नव्हता आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

तपासण्या झाल्या. मेंदूला सूज आहे, असं कळलं. त्यानंतरचं मला स्वतःला आठवतं असं एकच वाक्य माझ्याकडे आहे, तेही ह्यांचं. हे डॉक्टरांना म्हणत होते, "सूज म्हंजे उतरंल की वो? पायाची उतरती तशी?" आवाज इतका केविलवाणा होता की मला त्या माणसाची दया आली. कोणाची बायको आजारी आहे बिचाऱ्याची, असं मी मनात म्हटलं.

बुधवार, चहा आलाय

पुढचे बारा दिवस माझ्याकडे नाहीत. मी सलाइन उपटायची म्हणून हात मऊ पट्टीनं बांधले होते म्हणे. नर्सला मी "पोरी, गिरणीतून दळण आणलंस का" असं विचारायची म्हणे. 'म्हणे' हा शब्द माझ्या तोंडी तेव्हापासून बसला आहे.

शुद्धीवर आल्यावर वॉर्डातल्या एक मावशी आठवतात. रोज सकाळी पडदा सरकवून त्या एका दमात सांगायच्या, "मी सिंधूमावशी, आज बुधवार, चहा आलाय." मी विचारायच्या आधीच. बाकी सगळे मला प्रश्न विचारत होते. हे कोण, ते काय, किती बोटं. प्रत्येक प्रश्नाला मला शाळेत वही न आणल्यासारखं वाटायचं. सिंधूमावशींनी कधीच काही विचारलं नाही, आधी उत्तर देऊन टाकलं. तुमच्या घरी असा माणूस असेल तर एवढं करा. "ओळखलंस का?" असं विचारू नका. आपलं नाव सांगा आणि चहा द्या.

घर भरलेलं, डोकं रिकामं

महिन्याभरानं घरी आले आणि दारातच घाबरले. घर ओळखीचं होतं, पण त्यात वस्तू फार होत्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्यासारखं झालं. मांडणी, बरण्या, डबे, फडताळावरची खेळणी, माळ्यावरून डोकावणारी पातेली. कुकर शोधायला जायचं आणि चाळण हातात घेऊन उभं राहायचं. एकदा गॅस चालू ठेवून मी ओट्यावरच्या बरण्या मोजत बसले. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला. हे माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग गॅलरीत जाऊन एकटेच रडले. मला ते काचेतून दिसत होतं आणि आपण काय केलं ते कळत नव्हतं.

घरी येऊन शिकवणाऱ्या थेरपीच्या मॅडम शांत होत्या. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, ओट्यावर फक्त पाच वस्तू ठेवायच्या. बाकीचं घरही हळूहळू मोकळं करा. घाई नको, रोज एक कप्पा. डोळ्यांसमोर कमी असलं की डोकं कमी दमतं."

स्वाती तीन महिने बिनपगारी रजा घेऊन राहायला आली होती. तिनं त्यावर आपला नियम बसवला. "मम्मी, सिंपल आहे. वस्तू हातात घ्यायची. कुठून आली ते आठवलं तर ठेव. नाही आठवलं तर बाहेर. टेन्शन नाही घ्यायचं."

सांगायला सोपं. आमच्याकडे भांडं दिलं की त्याच्यावर नाव घालून देतात. 'सौ. अमकीस तमक्यांकडून सप्रेम भेट.' माळ्यावरून भांडी उतरली आणि मी ती नावं वाचत बसले. मजकूर स्वच्छ वाचता यायचा, पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहायचा नाही. लोक वस्तू टाकताना रडतात, कारण त्यांना सगळं आठवत असतं. मला वस्तू टाकताना काहीच वाटत नव्हतं आणि त्याचंच रडू येत होतं.

मग मी लबाडी सुरू केली. पितळी तपेलं हातात आलं की म्हणायचं, हे मामानं दिलेलं, लग्नात, तेव्हा पाऊस होता बघ. स्वाती ते 'ठेव'च्या ढिगात ठेवायची. मला वाटायचं, वा, पास झाले. चौथ्या दिवशी तिनं तपेलं उलटं केलं. बुडावर ह्यांच्या पतपेढीचं नाव होतं, सभासदांना भेट म्हणून वाटलेलं.

"मम्मी, किती बनवलंस तू?"

"सगळंच," मी म्हणाले.

ती चिडेल वाटलं होतं. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही दोघी त्या भांड्यांच्या पसाऱ्यात कितीतरी वेळ तशाच बसलो.

काही मात्र लख्ख आठवत होतं आणि त्यालाही काही ताळतंत्र नव्हतं. ह्यांचा पोती ओढायचा लोखंडी हूक दाराच्या मागे टांगलेला असायचा. तो पहिल्यांदा कधी आणला, मूठ कधी बदलली, सगळं मी धडाधड सांगितलं. हे म्हणाले, "त्यो टाकून दे. खांदा दुखतो निस्ता बघून." म्हणजे मला आठवतं ते त्यांना नको आणि त्यांना हवं ते मला आठवत नाही. असा सगळा सावळागोंधळ.

आठवेल त्याची वस्तू

ह्यांची बहीण मला बघायला कोरेगावहून आली. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. भंगाराच्या ढिगात मोठी परात बघून त्या किंचाळल्याच. "वैनी! ही परात भंगारात? आगं तुझ्या लग्नात हिच्यातच कणीक मळली न् तुझ्या सासूनं माझ्या पाठीत ह्याच परातीवरनं धपाटा घातला, जिलबी चोरली म्हणून!"

वन्सं आता पन्नाशीच्या आहेत. त्या सांगत होत्या आणि त्यांचा चेहरा दहा वर्षांच्या पोरीचा झाला होता. मला जिलबी आठवली नाही की धपाटा. पण परात कोणाची आहे ते कळलं. मी म्हणाले, "वन्सं, घेऊन जा. तुम्हाला आठवतं, मग ती तुमचीच."

त्या दिवशी मी स्वातीचा नियम बदलला. मला आठवत नाही म्हणून बाहेर टाकायचं नाही. ज्याला आठवतं त्याच्याकडे पोचवायचं. स्वाती फोन लावायची, "अमुक नाव आहे वाटीवर, तुमचंच ना?" माणसं यायची, गोष्ट सांगायची, वस्तू घेऊन जायची. गोष्ट मला कळायची आणि वस्तू त्यांच्या घरी जायची. घर कप्प्याकप्प्यानं मोकळं होत गेलं. मी चाळण न धरता थेट कुकर धरायला लागले.

आणि मग पिठाच्या डब्यामागे तो कडीचा स्टीलचा डबा सापडला.

सौ. लता घरत

झाकणावर नाव होतं, 'सौ. लता ज. घरत'. मी ह्यांना विचारलं, "ही कोण?"

हे हातातला पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "आगं, आपली लता! समोरच्या दारातली. आठरा वर्सं शेजार व्हता. तुझी..." शेवटी त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. हळदीकुंकवाचा, गच्चीवर पापड वाळवतानाचा, कोणाच्या तरी बारशाचा. प्रत्येक फोटोत एक ठेंगणी, सावळी, मोठ्या नथीची बाई होती आणि तिच्या खांद्यावर हात टाकून खो खो हसणारी मी. मला त्या फोटोतल्या माझा हेवा वाटला.

लता इथल्याच खाडीकाठच्या गावातली. दोन वर्षांपूर्वी मुलानं उलव्यात घर घेतलं, तेव्हा ती तिकडे गेली. मी आजारी पडल्याचं कळताच ती रोज उलव्याहून डबा घेऊन हॉस्पिटलात यायला लागली. बेशुद्ध होते तेव्हाही, हे आणि स्वाती उपाशी राहू नयेत म्हणून.

"मग एकाएकी यायची बंद झाली," हे म्हणाले.

"का?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "तू शुद्धीवर आलीस त्या दिशी ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोबरुबर आली. तू त्या बाईला नाव घेऊन हाक मारलीस. या बसा म्हणलीस. आन् लताला म्हणलीस, कोण तुम्ही? मी ओळखत नाही तुम्हाला."

मी डबा हातात धरून उभी होते.

"तिनं डबा ठेवला न् गेली. मी मागनं जाऊन सांगितलं, आजारी हाय गं ती. ती म्हणली, बाकी सगळ्यांना बरी वळखती."

"आणि हा डबा इतके महिने इथेच? पोचवला का नाहीत?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी. "मोकळा डबा कसा न्यायचा? त्यात घालायला मला काय करता येतंय? म्हणलं तू बरी झालीस की करशील कायतरी."

हे मात्र मला आठवत होतं. नावं गेली, चेहरे गेले, पण आईची शिकवण हाडात राहिली होती. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. या एका गोष्टीसाठी मी सोसायटीत प्रसिद्ध होते म्हणे.

स्वातीनं लताला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लता म्हणाली, "डबा ठेव तुमच्याकरंच. मना नको," आणि फोन ठेवला. स्वाती म्हणाली, "मम्मी, जाऊ दे ना. तुला ती आठवतसुद्धा नाही. मग त्रास कशाला करून घेतेस?"

तिचं बरोबर होतं. जी बाई मला आठवत नाही ती गेली तर माझं काय जातं? पण बाकीच्या वस्तूंची कोणाला ना कोणाला आठवण होती, ती त्यांच्याकडे पोचली होती. या अठरा वर्षांची आठवण फक्त एकाच बाईकडे होती आणि ती दार लावून बसली होती. तिनं टाकून दिली तर ती कुठेच उरणार नव्हती. मला भीती वाटली. हॉस्पिटलात वाटली नाही इतकी वाटली.

उलवे

मी शेंगदाण्याची चटणी केली. मिक्सरमध्ये नाही, खलबत्त्यात कुटून. लसूण सोलायला अर्धा तास गेला, मध्ये दोनदा कशासाठी सोलतेय ते विसरले. थेरपीच्या मॅडमनी शिकवलेलं, तशी यादी केली. चटणी, डबा, चष्मा, फोन, गोळी, पत्ता. निघताना एकेका शब्दावर बरोबरची खूण केली आणि बसमध्ये ह्यांना दोनदा दाखवली. डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

हे खाली चहाच्या टपरीवर थांबले. "तुमा बायकांच्यात मी कशाला," म्हणाले. मी लिफ्टनं वर गेले आणि बेल दाबली.

फोटोतली बाई दारात उभी राहिली. नथ होती, हसू नव्हतं.

"या. बसा," ती म्हणाली. फोटोत जिच्या खांद्यावर माझा हात होता ती मला अहो-जाहो करत होती.

मी पाठ करून आलेलं बोलायला लागले. मी आजारी होते, घरातून बरंच सामान गेलं तशी माझ्या डोक्यातून काही माणसं गेली, त्यात तुम्ही गेलात, माझा इलाज नव्हता. माझंच मला खोटं वाटत होतं, इतकं घोकलेलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्या हातात दिला.

तिनं तो हातात तोलला. कपाळाला आठी पडली. कडी काढून झाकण उघडलं.

डबा रिकामा होता. घासून पुसून चकचकीत, आणि रिकामा.

चटणी घरी ओट्यावर होती. मी यादीत चटणीपुढे खूण केली होती, कारण चटणी केली होती. डब्यापुढे खूण केली होती, कारण डबा घेतला होता. चटणी डब्यात भरायची असते, हे यादीत लिहिलेलंच नव्हतं. माझे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जिची मनधरणी करायला आले तिला मी रिकामा डबा दिला होता.

लता डब्यात बघत होती. मग माझ्याकडे. मग पुन्हा डब्यात.

"सुमे," ती म्हणाली, "तू? तू रिकामा डबा आनलास?"

मी पिशवीत पुन्हा हात घालून पाहिला.

"आठरा वर्सांत नाय गो आनलास कवा! तुजे घरान काय नसला तरी साखर घालून आनायचीस! मी बोलायची, सुमे, पुरे कर, न तू माझेवरच चिडायचीस!" तिचा आवाज फुटला. "मंजे तू खरीच आजारी हायेस!"

आणि ती रडायलाच लागली. डबा छातीशी धरून, लहान मुलासारखी, हमसून हमसून. डॉक्टरांच्या फाइलीनं, ह्यांच्या विनवण्यांनी जे तिला पटलं नव्हतं ते त्या रिकाम्या डब्यानं पटलं होतं. मीही रडले. कोणासाठी रडतेय ते मला तेव्हाही नीट कळलं नाही, पण फार मोकळं वाटलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "मना वाटला तू मुद्दाम करतेस. त्या बाईला नावानशी हाक मारलीस न मना इचारलास, कोन तुमी? मना वाटला, त्या भांडनाचा राग अजून धरून हायेस."

"कसलं भांडण?"

ती थबकली. "आपला झालेला. तू आजारी परायचे आदी."

"कशावरून?"

लतानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पदरानं नाक पुसलं आणि पहिल्यांदा हसली. फोटोतलं हसू. "नाय सांगायची. तुजे घरातून येवरा सामान गेला ना? त्याचेबरोबर ता पन गेला समज."

मी खूप आग्रह केला. तिनं सांगितलं नाही. चहा केला, खाली जाऊन ह्यांना वर घेऊन आली, आणि आम्ही कसे भेटलो तिथपासून सुरुवात केली. पाण्याच्या टाकीवरून झालेली ओळख, पापड, बारसं. मी आपली 'हो का?' आणि 'मग?' म्हणत ऐकत राहिले. सगळं नवीन होतं. निघताना तिनं तोच डबा माझ्या हातात ठेवला. आत जवळ्याची, वाळवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी होती. तिचा वास तरी काही आठवून देईल असं दोघींना वाटलं. मी जोरात श्वास घेतला आणि मला शिंका आल्या.

लता मला अजूनही आठवत नाही. आता ती मला माहीत झाली आहे. त्या जिन्यातल्या बाईंना मी परवा हेच सांगितलं, की भाऊ पूर्वीसारखा होईल का ते सांगता येत नाही, पण पूर्वीचा तो कोणाकोणाला आठवतो त्या माणसांना घरी बोलवा.

डबा पुन्हा आमच्या घरी आहे. ओट्यावर पाचच वस्तू असा नियम अजून पाळते, पण तो माळ्यावर टाकायचं धाडस होत नाही, म्हणून सध्या सहा आहेत. गुरुवारी उलव्याला जायचं आहे. या वेळी मी चटणी आधी डब्यात भरली आणि मग यादी लिहायला बसले.